अंगठ्याखालची रेघ

बाहुलीचा चेहरा अगदी शेवटी करायचा असतो, आणि करायचा म्हणजे पुसायचा असतो.

पोर्तो रिकोच्या शेजारच्या बेटावर, मोकाहून सांतियागोला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथे सहा बायका रोज हेच काम करत. आधी चाकावर घागऱ्याचा घेर चढवायचा, आतून पोकळ, घंटेसारखा. त्यावर कंबर, मग हात, हातात फुलांची टोपली. डोकं वेगळं वळायचं आणि दोन बोटं व अंगठा यांच्या चिमटीत धरून त्याला वेणी चिकटवायची, वर टोपी बसवायची. या चिमटीमुळे ओल्या मातीत समोर दोन खळगे पडत आणि मध्ये एक उंचवटा राही. म्हणजे अर्धं मिनिट का होईना, प्रत्येक बाहुलीला डोळे असत, नाकही असे. मग अंगठा पाण्यात बुडवायचा आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदाच, न थांबता, खाली आणायचा.

एकदाच. दुसऱ्यांदा फिरवला की माती फाटते.

एर्सिलियाचा अंगठा त्या साऱ्या परिसरात नावाजलेला होता. इतरांनी पुसलेला चेहरा सपाट दिसे. तिने पुसलेला चेहरा सपाट नसे, पण त्यावर काही आहे असंही म्हणता येत नसे. उजेड त्यावर असा काही उतरायचा, की सकाळी ती बाहुली हसल्यासारखी वाटायची आणि दुपारी विचारात पडल्यासारखी. गिऱ्हाइकं शेल्फासमोर उभी राहत, एखादी बाहुली उचलत आणि गप्प होत. "ही माझी थोरली मावशी," असं एक धिप्पाड ट्रकवाला एकदा म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला. बाहुली न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला.

त्या अंगठ्यावर एक जुना व्रण होता. चौदाव्या वर्षी माती कापायची तार तिच्या अंगठ्यात घुसली होती. त्यामुळे तिने पुसलेल्या प्रत्येक चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत केसाएवढी एक रेघ उमटे. तिरप्या उजेडात धरली तरच दिसणारी.

"सही आहे बाईसाहेबांची," शेजारच्या चाकावरची चेपा म्हणायची. "आम्ही गरीब, आम्हाला नावसुद्धा टाकता येत नाही."

"तूही तार घुसवून घे. बघ जमतंय का," एर्सिलिया म्हणे.

बाहुल्यांना चेहरा का नाही, असं पाहुणे विचारत, तेव्हा उत्तर द्यायचा मान दोन्या तीलांचा, म्हणजे तीलाबाईंचा. त्या सगळ्यांत वडील, ऐंशीच्या पुढच्या. आता त्यांच्याच्याने चाक फिरत नसे, पण माती चांगली मळली गेली आहे की नाही हे त्या नुसत्या वासावरून सांगत. "आमच्या रक्तात किती देशांचे लोक येऊन बसलेत, बाबा," त्या म्हणत. "एकाचा चेहरा दिला तर बाकीचे रुसतील. त्यापेक्षा कुणाचाच नको. बघणाऱ्याने आपापला आणावा."

हे झालं पाहुण्यांसाठी. शेडच्या आतला नियम वेगळा होता आणि त्याचं कारण कुणी कुणाला विचारलं नव्हतं. ज्या बाईने डोकं वळलं तिनेच ते पुसायचं, आणि चेहरा पुसल्याशिवाय डोकं ओल्या कापडाखाली ठेवून घरी जायचं नाही. पाऊस असो, वीज गेलेली असो, घरी पाहुणे आलेले असोत. आधी पुसायचं, मग निघायचं.

एर्सिलियाची मुलगी यानिरा अकरा वर्षांपूर्वी गेली. एकोणीस वर्षांची होती. पूर्वेच्या किनाऱ्यावरून समुद्रापलीकडच्या पोर्तो रिकोला चोरून माणसं नेणाऱ्या होडीत बसली. होडीत किती जण होते, ती पोहोचली की उलटली, हे कधीच कळलं नाही. पत्र नाही, निरोप नाही. आणि वाहून आलेली चप्पलसुद्धा नाही, असं एर्सिलिया मनाशी म्हणे. त्यातच तिचा सगळा आधार होता.

लहानपणी यानिरा भट्टी उघडायच्या दिवशी शाळा बुडवायची. निवलेली बाहुली उचलायची, बोटाच्या सांध्याने घागऱ्यावर टकटक करायची आणि कान लावून ऐकायची. पक्की भाजलेली बाहुली खणखणीत बोलते. आतून तडकलेली बद्द वाजते. मोठ्या बायकांना जो तडा कळत नसे तो या पोरीला कळे. "ही आजारी आहे," म्हणून ती बाहुली बाजूला ठेवायची. पुढे तर तिला सवयच लागली. पपई असो, नारळ असो, शेजाऱ्याचं दार असो, आधी टकटक आणि मग कान.

ती गेल्यानंतरच एर्सिलियाचा हात इतका चांगला झाला, असं बायका म्हणत. तिच्यासमोर म्हणत नसत.

यंदा ऑक्टोबरमध्ये तिच्या नवऱ्याने मेणबत्त्या आणल्या.

सेवेरो वाईट माणूस नव्हता. केळीच्या बागेत राबायचा, कमी बोलायचा. त्याने मेणबत्त्यांचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि टोपी काढून हातात धरली.

"नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसापासून नऊ दिवस प्रार्थना करू म्हणतो. पाद्रीबाबांशी बोललोय."

"कुणासाठी?"

"एर्सी."

"नाव घे ना. कुणासाठी?"

"अकरा वर्षं झाली गं. लोकांकडे माणूस गेलं की त्याचे नऊ दिवस होतात. आपल्या पोरीला तेवढंही नाही. ती कुठे अडकून पडली असेल तर?"

"अडकली असेल तर जिवंत असेल," एर्सिलिया म्हणाली आणि गाळणीच्या कापडातली कॉफी पिळत राहिली. ती इतकी पिळली की कपात गाळ उतरला.

त्याच आठवड्यात सांतियागोच्या एका लग्नाची मागणी आली. पाहुण्यांना आठवण म्हणून द्यायच्या वीतभर उंचीच्या सव्वाशे बाहुल्या. मुलीच्या आईने बजावून सांगितलं होतं, चेहरे सगळे एर्सिलियाच्याच हातचे हवेत.

पहिल्याच दिवशी, सातव्या की आठव्या डोक्यावरून अंगठा खाली आणताना, तिला डाव्या भुवईच्या जागी काहीतरी लागलं. बारीक, तिरपं. तिला वाटलं खडा असेल. पाहिलं तर चेहरा गुळगुळीत. पुढच्या डोक्यावर त्याच जागी तेच. तिने तारेने डोकं उभं कापलं. आत लाल, एकजीव, लोण्यासारखी माती. बाकी काही नाही.

यानिराच्या डाव्या भुवईवर खूण होती. सहा वर्षांची असताना यूकाचे कंद किसायच्या किसणीवर पडली होती.

एर्सिलियाने कुणाला काही सांगितलं नाही. माती बदलली. दुसऱ्या ढिगातली घेतली, पुन्हा मळली, पुन्हा गाळली. चेपाने वळलेलं एक डोकं "वेणी नीट बसली का बघते" म्हणून तिने उचललं आणि हळूच ओला अंगठा फिरवून पाहिला. तिथे काही नव्हतं. तिने स्वतः वळलेल्या डोक्यांवर होतं. कोरड्या बोटाला लागत नव्हतं, डोळ्याला दिसत नव्हतं. फक्त ओल्या अंगठ्याला, खाली येताना, एकदाच.

दोन दिवसांनी भुवईच्या खाली नाक लागलं. थोडं बसकं, सेवेरोच्या वळणाचं.

"तुझ्या हातात वात शिरलाय," सेवेरो म्हणाला. तिने त्याला नुसतं "अंगठा बधिरतोय" एवढंच सांगितलं होतं. "आमच्या आईलाही व्हायचं. गरम तेल लाव."

तिने तेल लावलं. तेलाने माती धरेना, म्हणून राखेने हात धुतले. पुन्हा बसली. आणि पुन्हा नाक, आणि त्याच्याखाली ओठाचा कोपरा.

शेवटी एका दुपारी वीज गेली, पंखे थांबले, बाकीच्या बायका समोरच्या दुकानात थंड काही प्यायला गेल्या, तेव्हा ती दोन्या तीलांजवळ जाऊन बसली. म्हातारी आरामखुर्चीत डोळे मिटून होती.

"झोप लागली का, दोन्या तीला?"

"झोप आमच्या वयात लागत नाही. येऊन बघून जाते. बोल."

एर्सिलियाने सांगितलं. म्हातारीने डोळे उघडले नाहीत.

"पुसतेस ना?"

"पुसते."

"पुसत राहा."

"पण हे आहे काय?"

"मला काय ठाऊक? मी माती ओळखते." मग आपला उजवा अंगठा तर्जनीवर घासत म्हणाल्या, "माझ्या हातालाही यायचा, पोरी, कुणाचा तरी चेहरा. तुझ्यासारखाच. आधी कपाळ, मग नाक. मी पुसत गेले. दोन-तीन वर्षं पुसत गेले. मग यायचा थांबला."

"कुणाचा होता?"

दोन्या तीलांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत दुःख नव्हतं. कुठे काय ठेवलं ते आठवू पाहणाऱ्या माणसाचं कोडं होतं.

"तेच तर आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात पंखे फिरू लागले आणि बायका हसत-खिदळत परत आल्या.

एर्सिलिया जागेवर गेली. लग्न दोन आठवड्यांवर होतं. तिने काम थांबवलं नाही. खरं सांगायचं तर तिला थांबवायचं नव्हतं. अकरा वर्षांत मुलीला हात लागला नव्हता, तो आता दिवसातून वीस-वीसदा लागत होता. सकाळी ती लवकर येऊ लागली. कपाळ, भुवईवरची खूण, नाक, ओठ, हनुवटीवरची किंचित खाच. मग पुन्हा पाण्यात अंगठा. तिचे चेहरे इतके सुंदर कधीच झाले नव्हते. चेपासुद्धा टोमणा विसरून एका बाहुलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोमाद्रे, ही तर श्वास घेतेय." यानिराच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता चेपाच होती, म्हणून ती एर्सिलियाला कधी कधी त्या नात्याने हाक मारायची.

शेवटच्या बाहुलीवर अंगठा ओठांपर्यंत आला तेव्हा ओल्या कातडीला गार लागलं. झुळूक लागावी तसं. पुन्हा लागलं. मध्ये थांबून, पुन्हा.

अंगठा थांबवायचा नसतो. ती थांबली होती.

"एर्सिलिया, माती अंगठ्याला चिकटेल गं," चेपा म्हणाली.

तिने अंगठा खाली आणला.

बाहुल्या वाळल्या, भाजल्या, रंगल्या. सव्वाशेतली एकही तडकली नाही. पेट्या सांतियागोला गेल्या. घरी टेबलावर मेणबत्त्यांचं पुडकं तसंच होतं. सेवेरोने शेजारच्यांना निरोप दिले होते. बसायला खुर्च्याही सांगून ठेवल्या होत्या. एर्सिलियाने नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. पण मनात तिला आता भीती वाटू लागली होती. पहिली मेणबत्ती पेटली की आपण स्वतःच्या तोंडाने मुलीला मेलेली म्हणणार, आणि एकदा म्हटलं की ते मागे घेता येणार नाही.

लग्नानंतरच्या शनिवारी दुपारी एक गाडी शेडसमोर थांबली. उतरलेली बाई साठीची, ठेंगणी, बोलघेवडी. नवरीची आत्या. नाव मिग्दालिया. राहणारी पोर्तो रिकोच्या मायाग्वेस गावची. उद्याच्या विमानाने परत जायचं म्हणून घाईत होती. तिच्या हातात लग्नात मिळालेली बाहुली होती.

"ही कुणी केली? मला अशाच आणखी चार हव्यात. म्हणजे अगदी अशाच." मग स्वतःशीच हसून म्हणाली, "वेड लागलंय मला. प्रत्येकाला म्हणे आपलं माणूस दिसतं. माझ्या वहिनीला तिची आई दिसली. मला कोण दिसावं, तर आमच्या गल्लीतल्या बेकरीतली पोरगी!"

एर्सिलिया हात धूत होती.

"बेकरीतली?"

"दहा वर्षं रोज तिच्याकडून पाव घेते. तुमच्याकडचीच आहे, बोलण्यावरून कळतं. गुणी पोरगी. पण गंमत काय, मला तिचा चेहरा आठवत नाही. समोर असते तोवर ठीक. वळले की गेला. मला वाटायचं माझंच वय झालं. पण आमच्या गल्लीत कुणालाच आठवत नाही. मालक म्हणतो, रोज सकाळी नवी ठेवल्यासारखी वाटते." तिने हातातल्या बाहुलीकडे पाहिलं. "ही बघितली आणि म्हटलं, अगदी अशीच. तिचं तोंड आठवायला जावं तर हेच आठवतं."

शेडमधली चाकं एकेक करत थांबली.

"नाव काय तिचं?"

"नावाचं काय, चोरून आलेली माणसं दहा नावं सांगतात. पण तिची एक लकब आहे. पाव भट्टीतून काढला ना, की असं," मिग्दालियाने बोटाचा सांधा बाहुलीच्या घागऱ्यावर दोनदा वाजवला आणि बाहुली कानाशी नेली. "असं वाजवते आणि ऐकते. म्हणते, हा कच्चा आहे, आजारी आहे, तुम्हाला नको."

चेपाच्या हातातलं डोकं खाली पडलं.

एर्सिलिया ओले हात तसेच धरून उभी होती. मग तिने अगदी हळू विचारलं, "फोटो आहे?"

"आहे की. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला बेकरीत काढला होता सगळ्यांचा. पण ती फोटोत नेहमी हलते मेली." मिग्दालियाने फोन काढला, बोटाने सरकवत सरकवत एक फोटो समोर धरला.

फळीमागे पाच माणसं उभी होती. चार जण दात काढून हसत होते. त्यांचे चष्मे, घाम, एकाच्या मिशीला लागलेलं पीठ, सगळं स्वच्छ दिसत होतं. पाचवीचे खांदे एर्सिलियाने ओळखले. मान ओळखली. मानेवर वेणी होती, तिनेच शिकवलेली, तीन पेडांची, उजवीकडे घेतलेली.

चेहरा होता, पण त्यावर काही नव्हतं. तो हललेला नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत, एकदाच, न थांबता, कुणीतरी पुसलेला.

तिने दाराकडे जाऊन फोन तिरप्या उजेडात धरला.

मधोमध केसाएवढी एक रेघ होती.

त्या दुपारी एर्सिलियाने बाकावर वळून ठेवलेली सहा डोकी पुसली नाहीत. त्यांच्यावरचं ओलं कापडही काढून टाकलं. वाऱ्यावर माती सुकू लागली, लाल रंग फिका होत गेला. सहाही डोक्यांवर बोटांच्या चिमटीचे खळगे तसेच राहिले.

"आधी पुस, मग जा," मार्तिना नावाची एक बाई घाबरून म्हणाली. "तीलाबाई, सांगा ना हिला."

दोन्या तीलांनी खुर्चीतून त्या डोक्यांकडे पाहिलं. नंतर आपल्या अंगठ्याकडे.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावू नका."

घरी सेवेरोने ऐकून घेतलं. टोपी हातात फिरवत राहिला.

"एका परक्या बाईच्या बोलण्यावर? आणि फोटोत तर तोंडच नाही म्हणतेस."

"नाही."

"मग ओळखलीस कशावरून?"

तिने मेणबत्त्यांचं पुडकं उचललं आणि फडताळात, पिठाच्या डब्यामागे, ठेवलं. सेवेरोने ते पाहिलं. उठून परत बाहेर काढलं नाही. एवढंच म्हणाला, "खुर्च्यावाल्याला सांगून येतो मग."

रविवार गेला. रविवारी शेड बंद असते, तरी सेवेरोचा नंबर लिहून घेऊन गेलेल्या मिग्दालियाचं विमान पोहोचलं असेल की नाही याचा हिशेब एर्सिलिया दिवसभर करत होती. सोमवारी ती कामावर गेली नाही. इतक्या वर्षांत न सांगता घेतलेली ती पहिली सुट्टी. सकाळची भांडी झाली, कोंबड्यांना दाणे टाकून झाले. ऊन ओट्यावर आलं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली, अंगठा मुठीत धरून. तो कोरडा होता, कडेला भेगाळला होता. इतका कोरडा तिने तो कधी पाहिला नव्हता.

दहाच्या सुमारास सेवेरोचा फोन वाजला. नंबर मोठा होता, बाहेरचा. त्याने उचलला, ऐकलं आणि त्याचा हात खाली आला. त्याने फोन तिच्याकडे दिला.

आधी पाव भाजत असलेल्या जागेचा आवाज आला, लोखंडी पत्रे सरकल्याचा. मग कुणीतरी फोनवर दोनदा हलकेच बोट वाजवलं आणि ऐकत राहिलं.

"यानिरा?" एर्सिलिया म्हणाली.

"आई," पलीकडून आवाज आला. तोच होता. थोडा जाड झालेला. ती रडत नव्हती, आश्चर्यही करत नव्हती. रोज भेटणाऱ्या माणसाशी बोलावं तसं, काळजीने, तिने विचारलं,

"आज सकाळपासून तोंडाला ओलं लागलं नाही. तू कामावर गेली नाहीस का गं?"